अपूर्वाला कळवायचं नाही

मुलीने कुठल्या गावी पुढची डॉक्टरकी शिकावी, याचा निर्णय दीनानाथ वझलवारने टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलमधल्या आपल्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, परस्पर घेऊन टाकला होता. अपूर्वा मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रेसिडेन्सी इमर्जन्सी मेडिसिनमध्येच करायची हे तिचं ठरलं होतं. दीनानाथला ते फारसं पसंत नव्हतं. रात्रपाळ्या, दारुडे, रक्त! पण काय करायचं ते पोरगी ठरवते आहे, तर कुठे करायचं ते तरी आपण ठरवू, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. सगळं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस. त्याने कॅनडातल्या सगळ्या प्रोग्रॅम्सचा एक तक्ता केला. त्यात शिक्षणाचा दर्जा होता, जागा किती ते होतं, शिफ्ट्स किती ते होतं, पण पहिला रकाना होता घरापासूनच्या अंतराचा आणि सगळं गणित त्याच्यावरच बेतलेलं होतं. साहजिकच टोरोंटो पहिलं आलं, हॅमिल्टन दुसरं, आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटरवरचं सस्काटून पार खाली गेलं.

अपूर्वाने तक्ता खालपर्यंत पाहिला आणि ती हसत सुटली.

"बाबा, धिस इज नॉट अ रँकिंग. धिस इज अ मॅप."

"अगं, मग डिस्टन्स हा फॅक्टर नाही का?"

"तुझ्यासाठी आहे," ती म्हणाली, आणि जाताजाता सांगून गेली की तिने सस्काटूनचं इलेक्टिव्ह घेतलं आहे. चांगलं चार आठवड्यांचं.

हे इलेक्टिव्ह प्रकरण समजून घ्यायला दीनानाथला बराच वेळ लागला होता. रेसिडेन्सीला अर्ज करण्याआधी विद्यार्थ्याने दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलांत जाऊन काही आठवडे काम करायचं, अशी इथली पद्धत. नाव शिकण्याचं, पण खरं म्हणजे तो मुलगी बघण्याचाच कार्यक्रम. फरक इतकाच, की एकदा पोहे करून भागत नाही. दर शिफ्टला नवा डॉक्टर बघायला येतो आणि जाताना शेरा लिहून जातो. त्यांतल्या कुणाला पोरगी मनापासून आवडली आणि त्याने खणखणीत शिफारसपत्र दिलं, तर पुढची बोलणी. बरं, एका विषयासाठी असे आठवडे मिळतात तेही मोजके. त्यांतले निम्मे सस्काटूनला देणं म्हणजे आम्हाला तुमच्याकडेच नांदायचं आहे, असं गावभर सांगत सुटण्यासारखंच होतं.

"तिथे काय आहे पण?" दीनानाथ दोन दिवस हेच विचारत राहिला.

"तिथे मला हात लावायला मिळतो, बाबा. शेकडो किलोमीटरवरून पेशंट विमानाने येतात. टोरोंटोला मी रेसिडेंटच्या मागे उभी असते, दॅट्स इट."

"जाऊ द्या ना तिला," सीमा आतून म्हणाली. "तुम्ही नागपूरहून इथवर आले, तेव्हा कोणता तक्ता केला होता?"

सीमापुढे दीनानाथचं काही चालत नसे, आणि खरं सांगायचं तर चालावं असं त्यालाही वाटत नसे. नॉर्थ यॉर्कच्या एका इन्शुरन्स ऑफिसात ती फोनवर बोलायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यांच्याशी इंग्रजीत गोड बोलायचं, आणि घरात पाय टाकला की अस्सल नागपुरीत तोंडाचा पट्टा सोडायचा. कोट काढताना सुरू झालेली बाई भांडी आवरून होईपर्यंत थांबत नसे. दीनानाथ तिला रेडिओ म्हणायचा. तिला ब्लड प्रेशर होतं, आणि गोळी आठवली तर ती घ्यायची. "मला काय धाड भरली आहे," हे तिचं त्यावरचं उत्तर.

अपूर्वा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सस्काटूनला गेली. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पोरगी दमलेली असायची, पण तिच्या तोंडावर असा काही आनंद असायचा की दीनानाथ मनातल्या मनात तक्त्यातलं सस्काटून एकेक ओळ वर चढवू लागला होता. एका डॉक्टरीणबाईचं तिच्यावर खास लक्ष होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर आणखी शिफ्ट्स होत्या आणि त्या नीट पार पडल्या की ती त्यांच्याकडे शिफारसपत्र मागणार होती.

त्याच शेवटच्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी सकाळी सीमा गॅसपाशी उभी राहून झुणका परतत होती आणि बोलत होती. बोलता बोलता तिच्या हातातली पळी खाली पडली. दीनानाथने पेपरातून मान वर केली. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता. तिने काहीतरी म्हटलं. शब्द मराठी नव्हते, इंग्रजी नव्हते, नुसता तोंडात घास असल्यासारखा आवाज. दीनानाथने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, ते हनुवटीवरून ओघळलं. तो इतका घाबरला की गॅस बंद करायचंही त्याला सुचलं नाही. झुणका करपून धुराचा अलार्म वाजायला लागला, तेव्हा कुठे तो उठला.

तो परत आला तोवर ती हाताची बोटं उघडमीट करून बघत होती. बोटं हलत होती. त्याने फोन उचलला आणि अपूर्वाचं नाव काढलं, तसं सीमाने त्याचं मनगट धरलं.

"अपूर्वाला कळवायचं नाही," ती म्हणाली. एकेक शब्द स्वच्छ.

"अगं, पण..."

"पण नाही अन् बिण नाही. तिचे तिथले दिवस कसे आहेत, माहीत आहे ना तुम्हाला? आत्ता तिच्या डोक्यात हे घातलं, तर तिकडे काय करेल पोरगी? मी ठीक आहे. पाहा." तिने दोन्ही हात त्याच्यापुढे नाचवले.

वझलवारांच्या घरातली ही रीतच होती. दीनानाथचे वडील नागपुरात वारले तेव्हा तो अमरावतीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचे पेपर देत होता. काका अमरावतीला येऊन लॉजवर उतरले, पण त्याच्या नजरेस पडले नाहीत. शेवटचा पेपर देऊन तो बाहेर आला, तेव्हा फाटकापाशी उभे असलेले काका त्याला दिसले, आणि तेव्हाच त्याला कळलं. तोवर वडिलांच्या अस्थीही विसर्जित झालेल्या होत्या. पोराचं वर्ष वाचलं, म्हणून सगळ्या नातेवाइकांनी काकांची वाहवा केली होती. दीनानाथ स्वतः हा किस्सा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, लोकांच्या घरी, अपूर्वालासुद्धा, गहिवरून सांगायचा. घरच्यांनी माझ्यासाठी केवढं केलं, असा त्याचा सूर असायचा. तुला ते चाललं का, असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

तरी तो म्हणाला, आपण इमर्जन्सीला जाऊन येऊ. सीमा म्हणाली, रविवारचं तिथे जाऊन दिवसभर खुर्चीत बसायचं, आणि तेवढ्यात तिचा फोन आला तर? मग दीनानाथने मधला मार्ग काढला. असले मधले मार्ग काढण्यात तो पटाईत होता. त्याने उल्हासला फोन लावला. उल्हास मंडळातला जुना मित्र, बँकेत आयटीला. डॉक्टरकीशी त्याचा संबंध इतकाच, की त्याला सगळ्यांचे आजार ठाऊक असत.

"बी-ट्वेल्व्ह!" उल्हासने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आमच्या वीणाला सेम टू सेम झालं होतं रे. हाताला मुंग्या, जीभ जड. आपण पडलो व्हेजिटेरियन, अन् इथे ऊन नाही. निम्म्या मंडळाला आहे. गोळ्या चालू कर, अन् फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन टाक. उगाच इमर्जन्सीच्या भानगडीत पडू नको."

बी-ट्वेल्व्ह म्हटल्यावर दीनानाथचा जीव भांड्यात पडला. नाव ओळखीचं होतं, औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं, आणि अपूर्वाला कळवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्याने जाऊन मोठी बाटली आणली. फॅमिली डॉक्टरची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली. तोवर अपूर्वाचं आटोपणार होतं, तेही बरंच झालं असं दोघांना वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी तिचा कॉल आला. सीमा आधीच तोंड धुऊन, केस विंचरून दिव्याखाली बसली होती. अपूर्वा अजून हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांतच होती, आणि सांगायला उतावीळ.

"आई, गेस व्हॉट! आज डॉक्टर मला सगळ्यांसमोर 'गुड कॅच' म्हणाली."

"म्हणजे काय केलं तू?"

"एक बाई आली होती, तुझ्याच वयाची. फार्मवरची. सकाळी तिचा हात चालेना, बोलता येईना, अन् मग थोड्या वेळाने सगळं नॉर्मल. इथे आली तेव्हा शी वॉज टोटली फाइन. नवरा म्हणत होता, घरी जातो, आमची गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. मी म्हटलं, नो वे. इट्स अ वॉर्निंग. क्लॉट येऊन गेला, दुसरा कधीही येईल. स्कॅन केला, तर मानेची शीर जवळजवळ बंद! आजच तिला सर्जनकडे दिलं."

दीनानाथ सीमाच्या शेजारी बसला होता. टेबलाखाली सीमाने त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. स्क्रीनवर तिचं हसू तसंच होतं, जराही हललं नाही.

"मग असं..." तो म्हणाला, "असं कुणाला झालं, तर किती दिवसांत दाखवायला लागतं?"

"दिवस? बाबा, सेम डे. तासांत. का?"

"काही नाही. आमच्या ऑफिसमध्ये तो संजय आहे ना, त्याला असंच काहीतरी रविवारी झालं म्हणत होता."

अपूर्वाचा चेहरा एकदम बदलला. ती पुढे वाकली, आणि दीनानाथला पहिल्यांदाच वाटलं की ही आपली पोरगी नाही, ही डॉक्टर आहे. "टेल हिम टु गो टुनाइट. उद्या नाही. आत्ता फोन कर त्याला. प्रॉमिस मी, बाबा."

"हो. सांगतो."

"सांगतील गं ते," सीमा म्हणाली. "तू जेवली का?"

कॉल बंद झाल्याबरोबर दीनानाथ उठला आणि त्याने जॅकेट अंगात चढवलं. सीमा जागची हलली नाही.

"चल."

"उद्या पाहू."

"ऐकलं नाही का तू? तिने काय सांगितलं?"

"ऐकलं. पण आत्ता गेलो अन् त्यांनी ठेवून घेतलं, तर उद्या तिचा फोन आल्यावर मी कुठून बोलू? हॉस्पिटलच्या पलंगावरून? शुक्रवारी तिचं संपून राहिलं. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." मग तिचा आवाज उतरला. "अहो, तिचं तोंड पाहिलं ना तुम्ही आज? कधी पाहिलं होतं का तिला इतकं खूश? मी काहून त्यात माती कालवू?"

दीनानाथ दारापाशी उभा राहिला. त्याला सगळं कळत होतं. एखादा अडाणी माणूस असता तर गोष्ट वेगळी. याला तर स्वतःच्या मुलीने समोर बसून समजावून सांगितलं होतं. त्याने तिला ओढून न्यायला हवं होतं, नाइन वन वन फिरवायला हवा होता, निदान भांडायला तरी हवं होतं. पण बाहेर थंडी होती, उद्या सकाळी आठला त्याची मीटिंग होती, सीमा बोलत होती तीही नेहमीसारखीच चुरूचुरू बोलत होती, आणि सकाळ काही फार लांब नव्हती. त्याने जॅकेट काढून पुन्हा अडकवून ठेवलं. ते काढताना त्याला हायसं वाटलं. पुढे कितीतरी महिने त्याला स्वतःची सगळ्यात जास्त शिसारी आली ती त्या हायसं वाटण्याची.

दीनानाथ घोरायचा, म्हणून हल्ली सीमा अपूर्वाच्या खोलीत झोपायची. सकाळी त्याने चहा केला, खालूनच हाक मारली. मग पुन्हा मारली, आणि वर गेला. ती वॉशरूमच्या दारात पडलेली होती. डोळे उघडे होते आणि ते त्याच्याकडे बघत होते. उजवी बाजू सगळी ढिली पडली होती. ती काहीच बोलली नाही. इतक्या वर्षांत ती त्याच्याकडे बघते आहे आणि बोलत नाही, असं कधी झालं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सने ज्या हॉस्पिटलात नेलं, तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईने त्याला विचारलं, तुम्ही हिला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? केस मागे बांधलेली, अपूर्वाहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तो म्हणाला, काल झोपायला जाताना. तिने विचारलं, त्याआधी कधी असं काही झालं होतं? तो म्हणाला, रविवारी. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण झटका नेमका कधी आला ते कुणालाच माहीत नाही आणि स्कॅनमध्ये मेंदूचा डावा बराचसा भाग आधीच गेलेला दिसतो आहे, आता औषध दिलं तर रक्तस्राव होईल, असं तिने हळू आवाजात, दोनदा समजावून सांगितलं. मग विचारलं, "इज देअर एनीवन वी कॅन कॉल फॉर यू?"

"नो," दीनानाथ म्हणाला. "माय डॉटर हॅज ॲन एक्झाम."

संध्याकाळी अपूर्वाचा कॉल आला, तेव्हा तो वॉर्डबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये होता. त्याने व्हिडिओ बंद करून फोन घेतला.

"व्हिडिओ का नाही?"

"वायफायचा प्रॉब्लेम आहे गं."

"आई?"

"झोपली आहे आज लवकर." हे तर खरंच होतं, आणि ते खरं आहे याचा त्या क्षणी त्याला आधारही वाटला. माणूस कशाचा आधार घेईल, काही सांगता येत नाही.

"ओके. ती डॉक्टर लेटर द्यायला तयार आहे, बाबा! मी न विचारताच म्हणाली. आईला सांग उठल्यावर. अँड लिसन, तो संजय गेला का हॉस्पिटलला?"

"हो. गेला."

"गुड. यू मे हॅव सेव्ह्ड हिज लाइफ, यू नो."

गुरुवारीही तो असंच काहीतरी बोलला. सीमाला सर्दी झाली होती, तिचा घसा बसला होता. शुक्रवारी दुपारी अपूर्वाची शेवटची शिफ्ट संपली, आणि मग त्याने फोन करून सांगितलं. "विच हॉस्पिटल?" एवढंच तिने विचारलं.

शनिवारी सकाळी ती पाठीवरच्या बॅगेसकट थेट वॉर्डात आली. आईच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. सीमाचा डावा हात वर आला आणि तिने लेकीची बाही पकडली. तोंडातून एक आवाज आला, त्याला शब्द म्हणता येत नव्हतं. अपूर्वा तिच्याशी मराठीत बोलली, लहान मुलाशी बोलावं तशी. मग नर्सशी बोलली, स्कॅन बघून आली. मग दीनानाथला म्हणाली, "चल," आणि नातेवाइकांसाठी असलेल्या छोट्या खोलीत त्याला समोर बसवलं.

तो आरडाओरड्याची तयारी करूनच बसला होता. ती ओरडली असती, तर त्याला बरंच वाटलं असतं. पण तिने पेशंटच्या नवऱ्याला विचारावं तसं सगळं क्रमाने विचारलं. पहिल्यांदा कधी? कुठला हात? बोलणं किती वेळ गेलं होतं? मग कुणाला दाखवलं? बी-ट्वेल्व्ह कुणी सांगितलं? मंगळवारी कॉल झाल्यावर तुम्ही काय केलंत? त्याने एकेक उत्तर दिलं. आवाज तिचा एकदाही चढला नाही.

"आणि संजय नाहीच कुणी."

"नाही."

ती म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशी ओरिएंटेशनलाच सांगतात. फॅमिली इमर्जन्सी असेल तर जस्ट गो. एक ईमेल करायचा फक्त. माझ्याबरोबर एक मुलगी होती इलेक्टिव्हला. तिचा कुत्रा आजारी पडला, म्हणून ती तीन दिवस कॅलगरीला घरी गेली. शी गॉट हर लेटर टू."

दीनानाथला आधी त्याचा अर्थच लागला नाही. कुत्रा या शब्दाशीच तो अडून बसला होता. मग अर्थ लागला, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्या शुक्रवारपर्यंत दोघांनी दम काढला, तो शुक्रवार तिकडे कुणी मागितलेलाच नव्हता. दीनानाथ ढसाढसा रडला. अपूर्वा त्याच्या शेजारी येऊन बसली नाही. टिश्यूचा डबा तेवढा तिने त्याच्याकडे सरकवला.

हिवाळाभर सीमा आधी रिहॅबला होती, मग घरी आली. बैठकीच्या खोलीत हॉस्पिटलसारखा पलंग लावला. सकाळी एक बाई येऊन तिला अंघोळ घालून जायची, बाकीचं दीनानाथ करायचा. त्याने घरून काम करायची परवानगी घेतली. वर्षानुवर्षं ज्या घरात रेडिओ चालू होता, तिथे आता घर गरम करणारा फर्नेस सुरू झाल्याचाही आवाज ऐकू यायचा. सीमाला समजत होतं का, किती समजत होतं, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. कधी ती त्याच्या बोलण्यावर हसायची. कधी तासभर खिडकीकडे बघत रडायची, आणि का ते विचारून काही उपयोग नसायचा.

अपूर्वा टोरोंटोतल्या आपल्या खोलीवरून दर शनिवार-रविवारी यायची, आईचे हातपाय हलवून व्यायाम घ्यायची. जानेवारीत तिच्या मुलाखती झाल्या, बेसमेंटमध्ये बसून, कॅमेऱ्यावर. फेब्रुवारीत तिला आपल्या पसंतीक्रमाने प्रोग्रॅम भरायचे होते. त्या शनिवारी दीनानाथने धीर करून विषय काढला.

"आता तर टोरोंटोच पहिलं ना? आईसाठी तरी."

"सस्काटून," ती म्हणाली. ती सीमाच्या तळव्याला तेल चोळत होती. "आईला मी विचारलं. आय सेड, जाऊ का? तिने माझा हात दाबला."

तो दाब हो म्हणण्याचा होता की जाऊ नको म्हणण्याचा, की नुसताच हात धरण्याचा, हे दीनानाथला विचारायचं होतं. पण तसं विचारायची आपली लायकी राहिली नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याच्याने राहवलं नाही. "इतकं लांब?"

"लांब?" तिने पहिल्यांदाच नीट त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, मी ऑक्टोबरमध्ये लांब नव्हते. मंगळवारी मी तुमच्या समोर होते. टेबलावर. मी तुला काय करायचं ते सांगत होते." ती पुन्हा तळव्याला तेल चोळू लागली. "मी वरच्या खोलीत राहिले असते, तरी तुम्ही मला सांगितलं नसतं. सो इट डझन्ट मॅटर वेअर आय लिव्ह."

मार्चमध्ये निकाल लागला. तिला सस्काटून मिळालं. उल्हासने पेढे मागितले. दीनानाथने ते भारतीय दुकानातून आणून मंडळात वाटले आणि सगळ्यांच्या शुभेच्छा हसतमुखाने घेतल्या. जुलैत ती गेली.

सप्टेंबरमध्ये सीमाला पलंगावर वर सरकवताना त्याच्या खांद्यात चमक भरली. त्या दिवशी कॉलवर अपूर्वाने विचारलं, तू कसा आहेस, आणि तो म्हणाला, मस्त. फोन सीमाकडे देताना खांद्यावर हात जाऊन त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं. अपूर्वाने ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिने कसा आहेस हे विचारणं सोडून दिलं. फोन टेबलावर उभा करून ठेव, म्हणाली. मागे हो. हस. दात दिसू देत. आता डोळे मिटून दोन्ही हात समोर धर. खांदा कुठे दुखतो ते दाखव. आता एक वाक्य म्हण, कुठलंही.

"कुठलं म्हणू?"

"एनीथिंग. आय जस्ट नीड टु हिअर यू स्पीक."

तेव्हापासून रोज हीच झटक्याची तपासणी. ती ड्यूटीवरून आली की तिचा कॉल येई आणि दीनानाथ टेबलापासून मागे सरकून, शाळेतल्या पोरासारखा, हसून दाखवी आणि हात पुढे धरी. वाक्य म्हणायची वेळ आली की तो म्हणायचा, आज बाहेर ऊन आहे. आज बर्फ पडलं, ड्राइव्हवे शोव्हल केला. आज आईने वरण-भात खाल्ला. त्याच्या शब्दांवर तिचा आता विश्वास नव्हता, शब्द कसे येतात तेवढंच ती बघत होती. तपासणी झाली की ती "ओके" म्हणायची आणि आईला बघायची. तिने कधी टोमणा मारला नाही, कधी कॉल चुकवला नाही. मुलगी म्हणून काही कमी केलं, असं तिला कुणी म्हणूच शकलं नसतं.

ऑक्टोबर पुन्हा आला. एका संध्याकाळी दीनानाथने हात खाली घेतले, आणि वाक्य म्हणायचं तर तो नुसताच उभा राहिला. सीमा पलंगावरून त्याच्याकडे बघत होती.

"बाबा? से समथिंग."

"अपूर्वा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तुला त्याच दिवशी फोन करायला हवा होता. आईला उचलून न्यायला हवं होतं. मला सगळं कळत होतं, तरी मी गेलो नाही."

ती स्क्रीनच्या जवळ आली होती. तिची नजर त्याच्या ओठांवर होती, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. तो थांबल्यावरही ती थोडा वेळ तशीच बघत राहिली.

"स्पीच क्लिअर आहे," ती म्हणाली. "ओके. आता फोन आईकडे दे."

त्याने फोन उचलला आणि सीमाच्या तोंडासमोर धरला.